पुराची पातळी छापता, तसा घराच्या विम्याचा तक्ताही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुलै उजाडला की आपल्या अंकात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पाण्याची पातळी येऊ लागते. आम्ही गावभागातली माणसं चहाच्या आधी तो आकडा बघतो. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. तो आकडा बघून आम्ही गहू-तांदळाचे डबे माळ्यावर चढवतो, गाडी विश्रामबागेत कुणाच्या तरी दारात लावून येतो. एका छापील आकड्याने एवढी घरं हलतात. म्हणून आज आपल्याकडे आणखी एक तक्ता मागायला हे पत्र लिहिते आहे. घराच्या विम्याचा.

मी निवृत्त शिक्षिका. तीस वर्षं हायस्कूलमध्ये गणित शिकवलं. २००५ च्या पुरात आमच्या जुन्या घराच्या भिंती भिजल्या, म्हणून २००७ मध्ये ते पाडून जोतं तीन फूट उचललं आणि नवं बांधलं. सहा लाखांचं कर्ज काढलं. कर्जाच्या कागदांबरोबर बँकेने घराचा विमाही उतरवला. सह्या कुठे करायच्या तिथे पेन्सिलीने फुल्या मारल्या होत्या, आम्ही दोघांनी त्या फुल्यांवर सह्या केल्या. विमा किती रकमेचा, कुठल्या कंपनीचा, घरातलं सामान त्यात आहे की नाही, यातलं काहीही विचारलं नाही. हप्ता खात्यातून कापला जायचा, पासबुकात दिसायचा, आणि आपण विमा घेतलेला आहे असं समाधान असायचं.

ऑगस्ट २०१९ मध्ये पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. आम्ही मिरजेला बहिणीकडे होतो. परत आलो तेव्हा पुढचं दार फुगून बसलं होतं, ते शेजारच्या पोरांनी खांद्याने ढकलून उघडलं. आत पाय घोट्यापर्यंत चिखलात. स्वयंपाकघरात फ्रिज आडवा पडून ओट्याला टेकला होता. गोदरेजच्या कपाटाची दारं मागच्या बाजूने पत्रा कापून उघडावी लागली. विम्याची फाईल वरच्या कप्प्यात होती, पण कपाटच पाण्यात होतं. पॉलिसीची पानं एकमेकांना चिकटली होती. मी ती पापड वाळत घालतात तशी सुती साडीवर सुटी करून पंख्याखाली ठेवली, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा वाचली.

नुकसान मोजायला विमा कंपनीकडून सर्व्हेअर आले ते सरळ गृहस्थ होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी टेप लावून भिंतीवरची ओलीची रेघ मोजली, फरशीवर किल्लीने ठोकून कुठे पोकळ वाजते ते ऐकलं, दारांच्या चौकटी बघितल्या. घसारा, म्हणजे घर जुनं झाल्याची घट, वजा जाऊन नुकसान दोन लाख सत्तर हजारांचं ठरलं. मग त्यांनी वहीत एक अपूर्णांक लिहिला. घर आज नव्याने बांधायचं तर अठरा लाख, विमा सहा लाखांचा. म्हणजे आम्ही एक तृतीयांशच विमा उतरवलेला, उरलेल्या दोन तृतीयांशाचा धोका आमचा आम्ही घेतलेला. म्हणून नुकसानीच्याही एक तृतीयांशच. नव्वद हजार. घरातल्या सामानाचा विमाच नव्हता, त्यामुळे फ्रिज, गाद्या, शिलाई मशीन, धान्य यांना शून्य.

ते त्रैराशिक मला समजावून सांगावं लागलं नाही. तेच गणित मी दरवर्षी फळ्यावर सोडवत होते. पण बँकेने कर्जाच्या रकमेएवढाच विमा उतरवला आहे आणि तो बँकेचं कर्ज सुरक्षित राहावं म्हणून आहे, माझं घर पुन्हा उभं राहावं म्हणून नाही, हे माझ्या डोक्यात बारा वर्षांत एकदाही आलं नाही. हे सांगताना आजही पोटात कालवतं. सरकारकडून शहरातल्या पूरग्रस्त कुटुंबांना पंधरा हजार मिळाले. बाकीचं यजमानांच्या फंडातून आणि माझ्या पाटल्यांतून उभं केलं.

पुढे २०२२ मध्ये कर्ज फिटलं. बँकेने घराचे मूळ कागद परत दिले, पेढेही दिले. पण कर्जाबरोबर विमाही संपला, हे कुणी बोललं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. दोन पावसाळे बिनविम्याचे गेले. हे लक्षात आलं तेव्हा मी ठरवलं, आता विमा आपण स्वतः, चार ठिकाणी विचारून घ्यायचा. एक दोनशे पानी वही आणली, आडवे-उभे रकाने आखले आणि बाहेर पडले.

या वहीतलं सांगण्यासाठीच हे पत्र आहे.

पहिली गोष्ट, १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने घरासाठी एक प्रमाणित पॉलिसी सगळ्या कंपन्यांना बंधनकारक केली आहे. तिचं नाव भारत गृह रक्षा. न्यू इंडिया, युनायटेड इंडिया, ओरिएंटल, नॅशनल या चार सरकारी कंपन्या असोत की खासगी, मूळ मजकूर सगळीकडे एकच. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणं, जमीन खचणं, दंगल, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी फुटणं, हे सगळं मुळातच आत आहे. घराच्या विम्याच्या वीस टक्के रकमेचं सामान, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत, वेगळं न मागता आपोआप धरलं जातं. आणि ज्या अपूर्णांकाने आमचा घात केला तो या पॉलिसीतून काढूनच टाकला आहे. घराचं क्षेत्रफळ आणि बांधकामाचा दर खरा सांगितला असेल, तर पुढे रक्कम थोडी कमी पडली म्हणून नुकसानभरपाईला कात्री लागत नाही. २०१९ मध्ये आमच्याकडे ही पॉलिसी असती तर काय झालं असतं, याचा हिशेब मी एकदा केला आणि ते पान फाडून टाकलं.

मजकूर एकच असेल तर कंपन्यांची तुलना सोपी असायला हवी. तशी ती नाही.

माझं घर ८६० चौरस फूट कार्पेट, म्हणजे ८० चौरस मीटर. इथल्या दोन कंत्राटदारांना विचारून बांधकामाचा दर चौरस मीटरला २३ हजार धरला. अठरा लाख चाळीस हजार झाले. कुंपणाची भिंत, पाण्याची टाकी, बाहेरचा जिना यांचे एक लाख साठ हजार. एकूण वीस लाख, आणि आपोआप येणारं सामान चार लाखांचं. हाच कागद मी दोन सरकारी आणि तीन खासगी कंपन्यांना दिला. जीएसटी धरून वर्षाचा हप्ता एकीने १,०५० सांगितला, एकीने १,१८०, दोघींनी चौदाशेच्या आसपास आणि पाचवीने २,६४०. नावं मुद्दाम लिहीत नाही. एका घराच्या आकड्यांवरून कुठल्या कंपनीला चांगलं-वाईट ठरवणं बरोबर होणार नाही.

पण २,६४० का, हे शोधायला मला तीन फेऱ्या माराव्या लागल्या. त्या हप्त्यात घरफोडीचा, दागिन्यांचा आणि बिघडलेल्या यंत्रांचा जादा विमा घालून ठेवला होता. मी मागितला नव्हता. तो काढायला लावल्यावर आकडा १,३९० वर आला. म्हणजे जी कंपनी सगळ्यात महाग वाटली, ती तशी नव्हतीच. उलट जिने १,०५० सांगितले तिने बांधकामाचा दर परस्पर १८ हजार धरला होता. तीन रकान्यांत तीन वेगळी घरं असल्यासारखं झालं होतं. एक घर, एक क्षेत्रफळ, एक दर, जादा काही नाही, असं सगळ्यांना एका पातळीवर आणल्याशिवाय हप्त्याच्या तुलनेला काही अर्थ नाही. विमा घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे हात धरून सांगेन.

इथे एक सांगितलं पाहिजे. मूळ पॉलिसीत चोरी आहे, पण ती फक्त पूर-आगीसारख्या घटनेनंतरच्या सात दिवसांतली. एरवी कुलूप तोडून झालेली चोरी त्यात येत नाही. ज्यांचं घर महिनोन् महिने बंद असतं त्यांनी घरफोडीचा जादा विमा जरूर घ्यावा. पण तो आपण मागून घ्यावा, आपल्या गळ्यात पडू नये.

पुण्याचा अनुभव आणखी वेगळा. माझी लेक कोथरूडला असते. तिचा फ्लॅट एक कोटी दहा लाखांचा, म्हणून एजंटने विमाही एक कोटी दहा लाखांचा काढून दाखवला. मी तिला म्हटलं, अगं, त्यातली जागेची किंमत कुठे जळणार आहे की वाहून जाणार आहे? विमा बांधकामाचा असतो. साठ चौरस मीटर, तीस हजार दराने अठरा लाख. हप्ता कुठल्या कुठे उतरला. शिवाय सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा संस्थेने उतरवावा असं आहे. तिच्या सोसायटीने तो घेतला आहे का, हे तिने सेक्रेटरींना विचारलं तर त्यांना फाईल शोधावी लागली. पुण्यामुंबईच्या आपल्या वाचकांनी पुढच्या सर्वसाधारण सभेत हा एक प्रश्न विचारावा.

आता चिपळूण. हप्त्यातल्या दोन-तीनशे रुपयांसाठी मी एवढी वणवण केली, पण खरी तुलना कशाची करायची ते मला माझ्या नणंदेच्या घराने शिकवलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा ती वरच्या मजल्यावर होती. खालचा अख्खा मजला गेला. तिचं आणि शेजारणीचं घर एकाच भिंतीला चिकटून आहे. पाणी एकच, चिखल एकच, भिंतीवरची रेघही एकाच उंचीवर. दोघींचे विमे त्या वेळच्या जुन्या धर्तीचे, पण कंपन्या वेगळ्या. नणंदेला सहा आठवड्यांत पैसे मिळाले. चिखल उपसायच्या आधी तिच्या मुलाने प्रत्येक खोलीचे फोटो काढले होते, ते कंपनीने पुरेसे मानले. शेजारणीकडे वाहून गेलेल्या सामानाची मूळ बिलं मागितली. ती बिलं सामानाबरोबरच वाहून गेली होती, हे तिने तीन वेळा लिहून दिलं. तिला पैसे मिळायला अकरा महिने लागले. तोवर तिने दारं-खिडक्या प्लास्टिकचा कागद लावून एक पावसाळा काढला, दुसरा उंबऱ्यावर आला. तिचा हप्ता माझ्या नणंदेपेक्षा कमी होता, हे ती आजही सांगते, आणि सांगताना तिचा आवाज बदलतो.

मग मी शोधत होते ते हेच की कुठली कंपनी किती दिवसांत पैसे देते, किती दावे नाकारते, कुणाविरुद्ध किती तक्रारी येतात. कंपन्या दर तिमाहीला आपली आकडेवारी संकेतस्थळावर टाकतात, ती मी नातवाला बसवून उघडली. तिथे घराचा विमा ‘आग’ या सदरात जातो. त्याच सदरात गिरण्या, गोदामं, रसायनांचे कारखाने. माझ्या ऐंशी चौरस मीटरचा त्यात मागमूस लागत नाही. जिल्हा तर नाहीच. मिळालेल्या हप्त्यांच्या तुलनेत किती दावे दिले, त्याचा टक्का असतो. पण तो टक्का मोठा म्हणजे कंपनी दिलदार, असं समजू नये. एखाद्या वर्षी दोन मोठे कारखाने जळले तरी तो वाढतो. घरवाल्याला किती दिवस थांबावं लागलं, ते त्यातून कळत नाही.

हे छापता येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. माझा मुलगा टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. त्याच्याकडे होते तेव्हा त्याच्या घराच्या विम्याचं नूतनीकरण आलं. त्याने त्या राज्याच्या विमा विभागाचं तुलनेचं संकेतस्थळ उघडलं. आपण कुठल्या भागात राहतो ते टाकायचं, घर कसं आहे ते निवडायचं, की कंपन्यांची यादी समोर येते. प्रत्येकीचा नमुना दर, आणि शेजारी तक्रारींचा निर्देशांक. एक म्हणजे सरासरी. दोन असेल तर त्या कंपनीविरुद्ध तिच्या आकाराच्या मानाने दुप्पट तक्रारी. एवढं सोपं. कॅलिफोर्नियाच्या विमा विभागाचाही असाच तुलनेचा तक्ता आहे. तिथे प्रत्येक राज्याचा स्वतःचा विमा विभाग असतो. आपल्याकडे नियामक संस्था साऱ्या देशाची एकच, तीही हैदराबादला, म्हणून सांगली आणि चिपळूण वेगळं काढून दाखवायचं कुणाच्या कामातच बसत नाही.

आणि एक गोष्ट मुलाने सांगितली ती ऐकून मी गप्पच झाले. तिथल्या नेहमीच्या घरविम्यात पूर धरतच नाहीत. त्यासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते, बहुतेक ती सरकारी योजनेतली. २०१७ मध्ये हार्वे वादळात त्याच्या भागातली घरं पाण्याखाली गेली, तेव्हा पुराचा विमा नसलेली कितीतरी कुटुंबं होती. शिवाय वादळ-गारपिटीच्या नुकसानीत घराच्या विमारकमेच्या दोन टक्के आधी त्याने स्वतः भरायचे आहेत. हप्ताही आपल्याला कल्पना करता येणार नाही एवढा. आपल्याकडे पूर आतच आहे, भूकंप आतच आहे, माझ्या घराला वर्षाला हजार-बाराशे रुपये पडतात, आणि माझ्या गल्लीतल्या एकवीस घरांत विमा फक्त तिघांकडे आहे. मी दारोदार जाऊन विचारलं आहे. कोयनेचा १९६७ चा आणि किल्लारीचा १९९३ चा भूकंप, २०२० चं निसर्ग वादळ, आमचा महापूर, चिपळूणचा महापूर, एवढं सगळं ज्या राज्याने सोसलं तिथे हे चित्र आहे, आणि ते मला बघवत नाही.

म्हणून, संपादक महोदय, माझी मागणी स्पष्ट आहे. दरवर्षी मे महिन्यात आपण एक पान द्या. सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड, पुणे, लातूर अशा जिल्ह्यांसाठी एकच नमुना घर घ्या. ऐंशी चौरस मीटरचं, आरसीसी, जादा विमा काही नाही. आपल्या वार्ताहरांनी प्रत्येक कंपनीला त्या घराचा भारत गृह रक्षाचा हप्ता लेखी विचारावा आणि नावानिशी छापावा. ज्या कंपनीने उत्तर दिलं नाही तिच्या नावापुढे ‘उत्तर नाही’ छापावं. पूररेषेच्या आतल्या घराला कोण विमा देतं आणि कोण टाळतं, हेही विचारावं. मला एका कंपनीच्या ऑनलाइन अर्जाने पिनकोड टाकताच पुढे जाऊ दिलं नाही, कारण सांगितलं नाही. २०१९ ला घरात पाणी आलं होतं हे मी सगळ्यांना आधीच लिहून दिलं, आणि तरीही कंपन्या तयार होत्या. म्हणजे लपवायची गरज नाही, हेही लोकांना कळलं पाहिजे.

दाव्यांचा हिशेब मात्र वर्तमानपत्राला एकट्याने मिळणार नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कुठल्या कंपनीकडे या जिल्ह्यांतून घरांचे किती दावे आले, किती दिवसांत मिटले, किती नाकारले, हे राज्य सरकारने नियामकाकडे लेखी मागावं. आमच्या आमदार-खासदारांनी तो प्रश्न सभागृहात विचारावा. पंचनाम्याला तलाठी आणि मनपाचे कर्मचारी दारात येतातच. त्या फॉर्ममध्ये ‘घराचा विमा आहे का, कोणत्या कंपनीचा’ असा एक रकाना वाढवला तरी पुढच्या वेळी निम्मं काम होईल.

ज्यांचे दावे आज अडले आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे, मुंबईतही आहे. फी नाही, वकील लागत नाही, पण नकार आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. नियामकाचा तक्रारीचा फोन १५५२५५. चिपळूणच्या त्या शेजारणीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला कुणी सांगितलंच नाही.

मी शेवटी १,१८० वाली पॉलिसी घेतली. सगळ्यात स्वस्त होती म्हणून नाही. त्या कार्यालयातल्या मुलीने माझा कागद पुढ्यात ओढून बांधकामाचा दर स्वतः पुन्हा विचारला, कुंपणाची भिंत वेगळी लिहिली आणि पॉलिसीची मराठी प्रत हातात दिली, म्हणून घेतली. कंपनी दावा कसा देते हे मला ठाऊक नाही. ते कळायचा आज कुठलाच मार्ग नाही, म्हणून तर हे पत्र.

माझ्या वहीच्या नऊ पानांच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत. आकडे तपासून घ्यावेत, चूक आढळल्यास कळवावं. आपले वार्ताहर येणार असतील तर मी सकाळी दहानंतर घरीच असते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
गावभाग, सांगली
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती)